कुठला बिरोबा?

जळकोटला हायवेच्या कडेला पंक्चरचं दुकान आहे आणि त्याच्या माडीवर वर्षाराणीचं ऑफिस. जिना लोखंडी. कोण वर येतंय हे तिला आवाजावरूनच कळतं. धाडधाडधाड आलं तर समजावं, कुणाचा तरी पासवर्ड हरवलाय. धाड, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा धाड, म्हणजे गुडघेदुखीच्या सिताबाई. आणि जिना वाजायच्या आधीच खालून "हाईस का गं वर्षे?" अशी हाळी आली, तर ते बिरूअण्णा, शेळीपालक संघाचे अध्यक्ष. अण्णांची उभी हयात माळावर शेरडांमागं गेली. त्यामुळं समोर बसलेल्या माणसाशीही ते तो ओढ्यापलीकडं उभा असल्यासारखं बोलतात.

वर येणारा प्रत्येकजण थोड्याफार फरकानं एकच बोलतो.

"वर्षाताई, ते चालंना झालंय."

"काय चालंना?"

"ते वो. ते हे."

"स्क्रीनवर काय लिहून आलंय?"

"आलंतं कायतरी इंग्रजीत. म्या पुसून टाकलं."

वर्षाराणी हसत नाही, चिडतही नाही. "जावा. परत चालू करा, परत बिगडू द्या, अन् येतंय ते मला वाचून दावा. अक्षर न् अक्षर." माणूस फुरंगटून जातो, अर्ध्या तासानं मोबाइल डोळ्याला लावून वाचत वाचत परत येतो, आणि वाचताना त्याचं त्यालाच कळतं कुठं चुकलं ते. मग तो तिलाच ऐकवतो, "बगा, म्या केलं का न्हाय दुरुस्त!" ती म्हणते, "लई हुशार तुमी," आणि पुढच्याला बोलावते.

ही वाचायची खोड बापाकडून आली. बापाला स्वतःला अक्षर येत नव्हतं, पण मेंढरांच्या औषधाची बाटली आणली की तो दुसरीतल्या लेकीला समोर बसवायचा. "वाच." ती वाचायची. "आता खालचं बारीक वाच." एकदा त्या बारीक अक्षरांत तिनं वाचलं की हे औषध गाभण मेंढीला देऊ नये. बापानं हातातली बाटली खाली ठेवली, कळपातल्या गाभण मेंढ्या निराळ्या काढल्या आणि त्या दिवसापासून लेकीची शाळा एकदाही बुडू दिली नाही. तुळजापूरला तिनं बीसीए केलं. मग दोन वर्षं सोलापुरात एका इंटरनेटवाल्या कंपनीत तक्रारीचे फोन घेतले. मग बालाजीशी लग्न. बालाजी उमरग्याच्या डेपोत कंडक्टर आहे आणि घरी सासू-सुना चुलीपुढं गप्पा मारत बसल्या तरी त्याच्या तोंडून "पुढं सरका, पुढं सरका" निघतंच.

तर संघाचा ईमेल. संघाचं कॉम्प्युटरचं काम वर्षाराणीकडंच. आपल्या संघाचा स्वतःच्या नावाचा ईमेल असावा, त्याचा सर्व्हर आपण चालवावा, ही कल्पना वर्षाराणीची. पाडव्याला तिनं सभेत मांडली.

"ठिऊ की," अण्णा म्हणाले. "गोठ्याशेजारी जागा हाय."

"अण्णा, तो हितं नसतो. मुंबईत एका मोठ्या खोलीत लई मशिनी असतेत, त्यातली एक आपण भाड्यानं घ्यायची. तिला आपण हितनं हुकूम द्यायचे."

"मंग नारळ कशावर फोडायचा?"

नारळ शेवटी लोखंडी जिन्याच्या पहिल्या पायरीवर फुटला. वर येऊन अण्णांनी मूठभर भंडारा उधळला, त्यातला निम्मा कीबोर्डात गेला. आणि स्क्रीनवर प्रश्न आला, या मशीनचं नाव काय ठेवायचं? वर्षाराणीनं मोठ्यानं वाचलं. अण्णांनी डोळे मिटले.

"बिरोबा."

दुसरं काय असणार? संघाचा टेम्पो बिरोबा, बोअर बिरोबा, वायफाय बिरोबा. तिनं सहा अक्षरं दाबली. दाबताना तिला आठवत होतं की अशा मशीनला नुसतं नाव पुरत नाही, पुढं संघाचं डोमेन, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, जोडायचं असतं. पण लोकांनी टाळ्या वाजवल्या, खालून चहा आला, कुणीतरी फोटोसाठी तिला मधे ओढलं, आणि ते राहून गेलं. आठ महिने राहिलं. कुणाला जाणवलंही नाही, कारण लसीकरणाच्या तारखेचा मेल सभासदांना जायचा आणि सभासद मेल कधी उघडायचेच नाहीत.

मग कर्नाटकातल्या एका शेळी पैदास केंद्राचं पत्र आलं. अस्सल उस्मानाबादी बोकड हवेत. कानातल्या बिल्ल्याचे नंबर, किती वेतांत किती जुळी, फोटो, सगळं यादी करून पाठवा. संस्थेच्या स्वतःच्या मेलवरूनच पाठवा. बुधवारी संध्याकाळी पाचपर्यंत.

यादीत पहिले दोन बोकड सिताबाईंचे. काजळ्या आणि ठिपक्या. काजळ्या नखशिखांत काळा, ठिपक्याच्या कानांवर तेवढे पांढरे शिंतोडे. सिताबाईंच्या शेरडांत पाच पिढ्या जुळ्यांशिवाय वेत नाही, आणि त्या पाचही पिढ्यांची नावं त्यांना तोंडपाठ. पण गुडघ्यांनी आता माळ नको म्हटलंय. शेळ्या भाचीकडं जाणार होत्या. बोकडांचं काय? भाची म्हणाली, दोन दोन बोकड मी काय करू? पैदाशीला गेले तर गेले, नाहीतर मुरुम गावचा खाटीक गुरुवारी सकाळी यायचा होता. सिताबाईंनीच त्याला सांगून ठेवलं होतं, आणि सांगितल्यापासून त्या दोघांच्या तोंडाकडं बघायचं टाळत होत्या.

फोटोला ठिपक्या दोन दिवस उभाच राहिला नाही. त्यामुळं यादी बुधवारपर्यंत लांबली. बुधवारी सकाळी अकराला वर्षाराणीनं मेल पाठवला. सिताबाई खुर्चीत, अण्णा दारात, बोकड खाली जिन्याला बांधलेले. मिनिटभरात मेल परत आला.

"आलं की उत्तर!" अण्णा म्हणाले. "काय म्हनत्यात?"

वर्षाराणीनं वाचलं. इंग्रजीत वाचलं, मग मराठीत केलं. "म्हणतेत, बिरोबा. याचा हॅलो नाकारला आहे. पूर्ण नाव पाहिजे."

"बिरोबाला नाकारलं?" अण्णांचा आवाज हायवेच्या पलीकडं गेला. "कोन हाय त्यो?"

"अण्णा, माणूस न्हाय. त्यांच्या दारातलं मशीन हाय. मेल घेऊन आपलं मशीन त्यांच्या दाराशी जातं अन् आधी म्हणतं, हॅलो, मी अमुक. दिवसाला हजार भामटे कुणाचंबी नाव सांगून शिरायला बगतेत, म्हणून ते आधी नाव तपासतंय. नाव अर्धवट वाटलं की दार लावतंय."

तिनं केंद्राला फोन लावला. तिथं लक्ष्मम्मा नावाच्या बाई आवक बघतात. ताटात शेवटी पापड ठेवावा तशा त्या प्रत्येक वाक्याशेवटी एक ‘री’ ठेवतात.

"मेल बंदिल्ल री. नाय आला री."

"तुमच्या सर्व्हरनं परत पाठवला, बाई. तुम्हाला माझ्या जीमेलवरून टाकू का?"

"तसं चालत नाय री. रूल आहे री. संघाचा मेल पाहिजे री. पाचला मी लिस्ट बंद करते री."

"टेम्पो काढू?" अण्णा मधेच ओरडले. "यादी नेऊन देतो!"

"कोण ओरडतंय री?" लक्ष्मम्मांनी विचारलं.

वर्षाराणीनं फोन ठेवला आणि खुर्ची अण्णांकडं वळवली. "चूक माझी हाय. पाडव्याला मी नाव अर्धंच टाकलं. सर्व्हरचं नाव बदलावं लागतंय."

अण्णा दारातून आत आले, टेबलाला हात टेकले. मग म्हणाले, "देवाचं नाव पुसायचं?"

"पुसायचं न्हाय..."

"आगं नारळ फोडलाय! त्या दिसापासनं आट म्हैने कुणाच्या वाड्याला लांडगा लागला न्हाय. आता नाव पुसलं अन् उद्या कुणाचं करडू गेलं तर लोक माझ्या दारात येतील, तुज्या न्हाय."

वाद घालून अण्णा ऐकत नाहीत. ते उलटे जास्त मोठ्यानं बोलायला लागतात. वर्षाराणी उठली.

"अण्णा, तुमी जरा भाईर जिन्यावर उभं राहा. मी दार लावते. तुमी दार वाजवायचं. मावशी आतून इचारतील, कोण? तुमी नुसतं नाव सांगायचं. बाकी काय न्हाय."

"आन् हे कशापायी?"

"करा तर."

दार लागलं. लगेच वाजलं, असं की कॅलेंडर हाललं.

"कोण हाय?" सिताबाई.

"बिरू!"

"कोण बिरू?"

"वैनी, आवाज वळखंना व्हय?"

वर्षाराणी सिताबाईंच्या कानाशी लागली. "आवाज न्हाय वळखायचा, मावशी. मशीनला आवाज कळत न्हाय."

सिताबाईंना आता गोडी लागली. त्या खुर्चीत सावरून बसल्या, पदर नीट केला. "आवाजबिवाज आमी वळखीत न्हाय. गावात बिरू धा हायती. येक माज्या दिराचा. येक खालच्या आळीचा, दिवसभर पिऊन पडत्यो. येकानं परवा माजी बादली न्हेली ती आणून दिली न्हाय. त्यातला कंचा?"

"बादलीवाला न्हाय म्या!"

"मंग नीट सांगा की. आमाला काय सपान पडतंय?"

"बिरू सोमाजी!" अण्णांचा संताप जिन्यावरून खाली ओघळला. "वरची आळी! जळकोट! तालुका तुळजापूर! जिल्हा धाराशिव!"

खाली पंक्चर काढून घेणारा ट्रकवाला दचकून उभा राहिला.

"हां," सिताबाई म्हणाल्या. "आता या आत."

अण्णा आत आले ते तांबडेलाल होऊन. पण टोपी काढून डोकं खाजवलं, म्हणजे विचार सुरू झाला होता.

"म्हंजी देवाचं नाव राहतंय."

"राहतंय. फुडं फकस्त संघाचं डोमेन लागतंय. बिरोबा डॉट आपला संघ डॉट इन."

"आवं भावजी," सिताबाई म्हणाल्या, "बिरोबा काय येकच हाय व्हय? माज्या म्हायेरी येक हाय, हितं येक हाय, मुरुमच्या वाटंला येक हाय. देवाला जायचं म्हनलं तर जीपवाला बी आदी इचारतो, कंच्या गावचा? देवाला गाव लावलं म्हनून देव बाटतो का?"

"कर," अण्णा म्हणाले. "पण अगुदर बिरोबा. डोमेन मागनं."

"मागनंच असतं, अण्णा."

वर्षाराणी बाराला कामाला बसली. आधी डोमेनच्या खात्यात जाऊन हे पूर्ण नाव म्हणजे आपल्या मशीनचा हा आयपी नंबर अशी जोडणी केली. मग सर्व्हरच्या होस्टनेमात पूर्ण नाव घातलं, मेलवाल्या सेटिंगमधे हॅलो म्हणताना सांगायचं नावही तेच केलं, सगळं बंद करून चालू केलं. मेल पुन्हा सोडला. या वेळी दार धाडकन लागलं नाही. पण उघडलंही नाही.

"वाच," अण्णा म्हणाले. आता त्यांनाही सवय लागली होती.

"म्हणतेत, कोड चारशे पन्नास. तुमच्या नंबरावर नाव सापडत नाही. नंतर या."

"आता आनि काय?"

"आपण नाव सांगितलं. आता ते बगतेत, मेल कुठल्या नंबरावरून आलाय. मग त्या नंबराच्या मालकाला इचारतेत, हा नंबर कुणाला दिलाय? नंबर भाड्याच्या कंपनीचा हाय. त्यांच्या वहीत आपल्या नंबरापुढं काय लिहिलेलंच न्हाय."

"सोयरीक जुळवायल्यात का काय!" अण्णा भडकले. "पोरगी द्यायची असल्यागत चवकशी!"

"तसंच समजा. बरं झालं, चौकशीला तर लागले. सकाळी हाकलूनच दिलंतं."

नंबरावरून नाव, याला रिव्हर्स म्हणतात, आणि ते भाडेकरूच्या हातात नसतं, मालकानंच लावायचं असतं. तिनं दीडला कंपनीकडं तक्रारीचं तिकीट टाकलं. अडीचपर्यंत वाट बघितली आणि सरळ फोन लावला. पुण्यातून एक मऊ आवाज आला.

"गुड आफ्टरनून, समर्थ बोलतोय, मी आपली काय मदत करू शकतो?"

वर्षाराणीचं बोलणं लगेच सोलापूरच्या ऑफिसातलं झालं, स्वच्छ, इस्त्री केलेलं. "समर्थ, मला माझ्या आयपीचं रिव्हर्स लावून हवंय."

"ॲक्च्युअली मॅडम, तुमचा सर्व्हर मला अप दिसतोय. एकदा रीस्टार्ट करून बघता का?"

"नाही. मी आलेला मेसेज वाचते, तुम्ही लिहून घ्या."

"त्याची ॲक्च्युअली गरज..."

"आहे." तिनं वाचला. सगळा.

"ओके मॅडम. रिव्हर्ससाठी ॲक्च्युअली तिकीट टाकावं लागतं."

"दीडला टाकलंय. नंबर देते."

"आणि आधी नावावरून तुमचा आयपी दिसायला हवा, बरोबर ना?"

"दिसतोय. बाराला जोडलाय. तुम्ही बघा, मी फोन धरते."

पलीकडं कीबोर्ड वाजला. "अं... हो. दिसतोय. पण याला चोवीस ते अठ्ठेचाळीस तास लागतात, मॅडम."

दोन वर्षं ती याच प्रकारच्या खुर्चीत बसलेली. हेच वाक्य तिनं दिवसातून चाळीसदा म्हटलेलं. गिऱ्हाईकानं आपणहून फोन ठेवल्याशिवाय ह्याला ठेवता येत नाही, हेही तिला ठाऊक होतं. "हरकत नाही," ती म्हणाली. "मी धरते."

"अठ्ठेचाळीस तास, मॅडम?"

"हो. मला काही काम नाही."

सिताबाईंनी तिच्या दंडाला हात लावला. "त्यो जेवलाय का इचार."

"समर्थ, आमच्या मावशी विचारतायत, जेवण झालं का तुमचं?"

पलीकडून उत्तर आलं. त्यात ‘ॲक्च्युअली’ही नव्हतं आणि ‘मॅडम’ही. "नाही झालं अजून."

"मग हे एवढं करा आणि जेवून घ्या. एक ओळ आहे. बिरोबा डॉट, पुढं तिकिटात लिहिलंय."

"बिरोबा? आमच्या गावालाही आहे बिरोबाचं देऊळ." कीबोर्ड वाजला. "झालं मॅडम, लावलं. पसरायला थोडा वेळ जाईल."

तीन वाजले होते. आता करायचं काही उरलं नव्हतं. केंद्राच्या मशीननं मघाचं ‘नाव सापडत नाही’ हे उत्तर लक्षात धरून ठेवलेलं. ते विसरून पुन्हा विचारेल तेव्हाच नवं कळणार. मेल इकडं रांगेत उभा, थोड्या थोड्या वेळानं आपणहून दार वाजवणारा. साडेतीन, नंतर या. चारला, नंतर या. अण्णा जिना उतरून टेम्पोची हवा बघून आले. चार वीस, नंतर या.

सिताबाई हळूच म्हणाल्या, "पोरी, न्हाय गेलं तर न्हाय गेलं. तू जिवाला लावून घिऊ नगंस. म्या खाटकाला उद्या ये म्हनलंय."

"त्याला फोन करा, मावशी. येऊ नको म्हणा."

"आगं, अजून गेलंय कुटं?"

"जाणार. नाव बरोबर हाय, नंबर बरोबर हाय, नंबरावर नाव बरोबर हाय. आता त्यात बिगडायला काय राह्यलेलंच न्हाय."

हे ती घड्याळाकडं न बघता म्हणाली. सिताबाईंनी मोबाइल कमरेच्या पिशवीतून काढला, हातात धरला, पण बटण दाबलं नाही.

चार पस्तीसला तिनं रांगेतला मेल पुन्हा पुढं ढकलला. स्क्रीनवर ओळी पळाल्या. शेवटच्या ओळीला अण्णा तिच्या खांद्यावरून वाकून बघत होते, कळत काहीच नव्हतं.

"वाच की गं!"

"दोनशे पन्नास. घेतला."

"कुणी घेतला?"

"त्यांनी. आत गेला, अण्णा."

अण्णांनी अशी काही आरोळी ठोकली की खाली दोन्ही बोकड दाव्याला हिसका देऊन उभे राहिले. सिताबाई मात्र तशाच बसून. "आत गेला म्हंजी वाचला का?"

ते मशीनला माहीत नव्हतं. दहा मिनिटांनी फोन वाजला.

"बंतु री! आला री तुमचा मेल!" लक्ष्मम्मा. "फोटो छलो ऐति री, मस्त आहे री. आमच्या डॉक्टरनी बघितला री. पहिले दोन बोकड कुणाचे आहेत री?"

"सिताबाईंचे. इथंच बसल्यात."

"त्यांना सांगा री, ते दोन कुणालाच द्यायचं नाय री. पाच पिढ्या जुळं म्हणजे काय मस्करी आहे का री? सोमवारी आमची गाडी येते री, घेऊन जाते री."

फोन स्पीकरवर होता, त्यामुळं कुणी कुणाला सांगायची गरज पडली नाही. सिताबाईंनी हातातल्या मोबाइलचं बटण दाबलं. "हां, म्या सिताबाई, जळकोट. उद्या येऊ नगंस. न्हाय न्हाय, दुसऱ्याला न्हाय इकले. पैदाशीला चाललेत." मोबाइल पिशवीत ठेवला आणि दोन्ही हातांनी पदरानं तोंड पुसलं, गरम होत असल्यासारखं.

मग एकदम त्यांचा चेहरा पडला.

"वर्षे, तिकडं समदं कन्नडच बोलत्यात?"

"व्हय. का वो?"

"माज्या बोकडांना कळंल का?"

"वैनी, बोकडाला मराठी तरी कुटं कळतंय!" अण्णा म्हणाले.

"तुमच्या कळत नसंल. माजे हाक मारली की येत्यात." त्या फोनकडं वळल्या. "आवं बाई, तुमच्यात बोकडाला ‘ये’ कसं म्हनत्यात?"

पलीकडून लक्ष्मम्मांचं हसू आलं. "बा म्हणतात री. बा, बा."

सिताबाई खुर्चीचा हात धरून उठल्या. धाड, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा धाड, जिना उतरत गेल्या. खाली पोचल्यावर दावं सोडलं आणि हायवेच्या कडेनं घराकडं निघाल्या. सोमवारपर्यंत चारच दिवस होते. वर्षाराणीला माडीवरून त्यांचा आवाज ऐकू येत होता, नव्या भाषेत अडखळणारा पण हुकमी.

"बा, काजळ्या. बा. ठिपक्या, तिकडं कुटं? बा म्हनलं ना!"